किर्गिझस्तानबद्दल सारखे विचारले जाणारे प्रश्न: राजकारण, बॉर्डर, पैसा आणि आपली पोरं

किर्गिझस्तानच्या राजधानीत, बिश्केकला, एमबीबीएसची ॲडमिशन घेताना आईवडील फी विचारतात, मेसमधे पोळी मिळते का विचारतात, थंडीत हीटर चालतो का विचारतात. देश कोण चालवतं, शेजाऱ्याशी भांडण कशावरून आहे, तिथला पैसा येतो कुठून, हे कुणी विचारत नाही. मग एखाद्या रात्री व्हॉट्सॲपवर व्हिडिओ येतो आणि सगळे प्रश्न एकदम सुरू होतात. तेच तेच प्रश्न येतात म्हणून उत्तरं एकदाच नीट लिहून ठेवतोय.

किर्गिझस्तान म्हणजे रशियाच ना?

नाही हो. सोव्हिएत युनियनमधे होता, ३१ ऑगस्ट १९९१ ला स्वतंत्र झाला. उत्तरेला कझाकस्तान, पश्चिमेला उझबेकिस्तान, दक्षिणेकडे ताजिकिस्तान, पूर्वेला चीन, आणि समुद्र कुठेच नाही. ९० टक्क्यांहून जास्त जमीन डोंगराळ. लोकसंख्या सत्तर लाखांच्या जरा वर, म्हणजे आपल्या एकट्या पुणे जिल्ह्यात याहून जास्त माणसं आहेत. रशियन भाषा मात्र बिश्केकमधे सगळीकडे चालते, किर्गिझ ही राष्ट्रभाषा आणि रशियनलाही अधिकृत दर्जा. घड्याळ आपल्या अर्धा तास पुढे.

तिथे दर पाच वर्षांनी सरकार पाडतात असं ऐकलं, खरं का?

बऱ्यापैकी खरं. पहिले राष्ट्राध्यक्ष अस्कार अकाएव, पेशाने फिजिक्सवाले. सुरवातीला पाश्चिमात्य लोक त्यांचं फार कौतुक करायचे, मध्य आशियातलं लोकशाहीचं बेट वगैरे. पंधरा वर्षं खुर्चीवर बसल्यावर व्हायचं तेच झालं, २००५ च्या संसदेच्या निवडणुकीत मुलगा पण उभा, मुलगी पण उभी. लोक चिडले, २४ मार्चला बिश्केकच्या व्हाईट हाऊसमधे घुसले (हो, तिथल्या सरकारी इमारतीलाही हेच नाव आहे, सोव्हिएत काळातली सात मजली पांढरी इमारत) आणि अकाएव मॉस्कोला पळाले.

मग आले कुर्मानबेक बाकिएव. त्यांनी तर कुटुंबाचा कारभार अजूनच मोठा केला, त्यात २०१० च्या सुरवातीला विजेचे आणि हीटिंगचे दर वाढवले, तेही भर थंडीत. एप्रिलमधे लोक पुन्हा त्याच इमारतीसमोर, फाटकावर ट्रक आदळला, आतून गोळीबार झाला, ८० पेक्षा जास्त माणसं मेली. बाकिएव बेलारूसला गेले ते अजून तिथेच. दोनच महिन्यांनी, जून २०१० मधे, दक्षिणेत ओश आणि जलालाबादला किर्गिझ-उझबेक दंगल झाली, ४०० हून जास्त मृत्यू, मेलेल्यांत बहुतेक उझबेक. ओशला आपली बरीच पोरं शिकतात, शहरात ही जखम अजून आहे आणि स्थानिक लोक त्यावर परक्यासमोर बोलत नाहीत, पोरांनीही उगाच विषय काढू नये.

तिसरी वेळ ऑक्टोबर २०२०. संसदेची निवडणूक ४ तारखेला झाली, १६ पक्षांपैकी फक्त ४ आत, मतं विकत घेतल्याचे आरोप सगळीकडे. ५ च्या रात्री पुन्हा व्हाईट हाऊस लोकांच्या ताब्यात. आणि त्याच रात्री समर्थकांनी तुरुंगातून सादिर जापारोवला बाहेर काढलं, जो ओलीस ठेवण्याच्या केसमधे साडेअकरा वर्षांची शिक्षा भोगत होता. दहा दिवसात तो माणूस आधी पंतप्रधान आणि मग हंगामी राष्ट्राध्यक्ष! जानेवारी २०२१ ला रीतसर निवडणूक लढवली आणि ७९ टक्के मतं घेऊन जिंकला. आपल्याकडे असं झालं असतं तर न्यूज चॅनलवाल्यांना वर्षभर दुसरा विषय लागला नसता.

मग आता एवढं शांत कसं काय?

जापारोवने सत्तेत आल्याआल्या राज्यघटना बदलली. २०१० नंतर तिथे संसदेला वजन होतं, एप्रिल २०२१ च्या सार्वमताने ते सगळं राष्ट्राध्यक्षाकडे आलं, खासदार १२० चे ९० झाले. त्याच्या जोडीला जुना मित्र कामचिबेक ताशिएव गुप्तचर खात्याचा प्रमुख होता, फेब्रुवारी २०२६ पर्यंत. जापारोव उत्तरेचा, इसिक-कुलकडचा, ताशिएव दक्षिणेचा, जलालाबादकडचा. हे महत्त्वाचं आहे, कारण त्या देशात उत्तर आणि दक्षिण हे भांडण जुनं आहे, अकाएव उत्तरेचे होते, बाकिएव दक्षिणेचे, एकाचं राज्य आलं की दुसऱ्या भागाला वाटायचं आपलं काही खरं नाही. या दोघांनी मिळून पाच वर्षं ते भांडण झाकून ठेवलं.

गुंडांवरही हात टाकला. कामची कोलबाएव नावाचा तिथला सगळ्यात मोठा डॉन ऑक्टोबर २०२३ ला बिश्केकमधे भर दिवसा कारवाईत मारला गेला. भ्रष्ट अधिकाऱ्यांना आत टाकायचं, खाल्लेले पैसे सरकारी तिजोरीत ओकायला लावायचे आणि मग सोडून द्यायचं, अशी पद्धत. कोर्टकचेरी मागे, वसुली पुढे. सामान्य लोकांना हे जाम आवडलं.

म्हणजे चांगलंच चाललंय की?

रस्त्यावर चालणाऱ्याला चांगलं वाटेल, पत्रकाराला विचारा. जानेवारी २०२४ मधे भ्रष्टाचारावर व्हिडिओ करणाऱ्या टीमच्या अकरा जणांना एका दिवशी उचललं. 'क्लूप' नावाची शोधपत्रकारिता करणारी संस्था कोर्टाकडून बंद करायला लावली. एप्रिल २०२४ मधे कायदा आला की बाहेरून पैसे घेणाऱ्या आणि राजकीय म्हणता येईल असं काही करणाऱ्या संस्थांनी 'परदेशी प्रतिनिधी' म्हणून नोंद करायची, रशियातल्या कायद्याचीच कॉपी. डिसेंबर २०२३ मधे झेंडासुद्धा बदलला, जुन्या सूर्याचे किरण वाकडे होते, ते सूर्यफुलासारखे दिसतात म्हणून सरळ केले. विरोध झाला, पण कायदा पास व्हायला काही अडचण आली नाही.

३० नोव्हेंबर २०२५ ला संसदेची मुदतीआधीच निवडणूक घेतली, आणि पद्धतही नवी, ३० मतदारसंघ, प्रत्येकी तीन खासदार, पक्षांच्या याद्या गायब. पक्षच नको म्हणल्यावर विरोधी पक्ष कुठून येणार.

माझं मत विचाराल तर ही शांतता खोटी नाही, पण ती दोन खांबांवर उभी आहे. एक म्हणजे वरच्या एकदोन माणसांची पकड आणि दुसरं म्हणजे रशियाच्या युद्धामुळे आलेला पैसा. दोन्ही कायमचे नाहीत. आधीच्या राजवटी गोंगाटात पडल्या, पण निदान तो गोंगाट ऐकून अंदाज तरी यायचा. आता काही बिनसलं तर आधी कळेलच असं नाही.

मे २०२४ ला आपल्या पोरांवर हल्ले झाले ते नक्की काय होतं?

१३ मेला एका होस्टेलमधे काही स्थानिक पोरं आणि परदेशी विद्यार्थी यांची मारामारी झाली, त्यात इजिप्तचे विद्यार्थी होते असं समोर आलं. तिथेच विषय संपला असता, पण व्हिडिओ तीनचार दिवसांनी व्हायरल झाला आणि १७ च्या रात्री शेकडो लोक रस्त्यावर आले. जमावाला इजिप्तचा कोण, पाकिस्तानचा कोण, भारताचा कोण, बांगलादेशचा कोण याच्याशी घेणंदेणं नव्हतं. होस्टेलची दारं तोडली, खोल्यांत घुसून मारलं, आत पोरं दाराला कपाटं आणि पलंग लावून, लाईट बंद करून बसलेली आणि घरी मेसेज टाकत होती. मृत्यूच्या आणि बलात्काराच्या बातम्या फिरल्या, त्या सरकारने नाकारल्या आणि दुजोरा कुठूनच मिळाला नाही, पण जखमी झाले हे खरं. आपल्या दूतावासाने बाहेर पडू नका सांगितलं आणि चोवीस तासांचा नंबर दिला, पाकिस्तानने तर खास विमानं करून आपले विद्यार्थी नेले. भारताचे तेव्हा साडेचौदा हजारांच्या आसपास विद्यार्थी तिथे होते.

पण एवढा राग एका व्हिडिओने येत नाही. त्याआधीपासून दक्षिण आशियातून येऊन कागदपत्रांशिवाय काम करणाऱ्या मजुरांवर धाडी चालू होत्या, "बाहेरचे लोक वाढले" ही कुरकुर होती. त्यांची स्वतःची लाखो पोरं रशियात मजुरी करतात आणि तिथे शिव्या खातात, त्यात दोनच महिने आधी मॉस्कोच्या क्रोकस सिटी हॉलवर हल्ला झाला होता आणि मध्य आशियाई माणूस दिसला की रशियन पोलीस कागद मागत होते. तो सगळा राग घरी येऊन दुसऱ्या परक्यावर निघाला असावा, असं मला तरी वाटतं.

मग आता पाठवावं की नाही, सेफ आहे का?

रोजच्या जगण्यात बिश्केक धोक्याचं शहर नाही. रात्री उशिरा एकटं फिरू नका, क्लब आणि बारसमोरच्या भांडणात पडू नका, टॅक्सी ॲपवरूनच घ्या, पासपोर्ट-व्हिसाची कॉपी जवळ ठेवा. व्हिसाची तारीख स्वतः बघा, "कॉलेजवाले बघतात" यावर राहू नका. आणि गेल्यागेल्या दूतावासात नाव नोंदवा, हे नव्वद टक्के पोरं करत नाहीत. पाठवायचं की नाही हे मी सांगणार नाही, पण "तिकडे काही होतच नाही, ताई, तुम्ही निर्धास्त रहा" असं म्हणणाऱ्या एजंटला मे २०२४ बद्दल विचारा आणि तो काय बोलतो ते बघा.

ताजिकिस्तानशी युद्ध झालं होतं ना?

झालं होतं, दोनदा, आणि सुरवात ऐकून विश्वास बसणार नाही. बातकेन प्रांतात नदीचं पाणी कालव्यात वळवणारं एक ठिकाण आहे, गोलोवनोय. एप्रिल २०२१ ला ताजिक माणसं तिथल्या विजेच्या खांबावर सीसीटीव्ही कॅमेरा लावायला गेली. किर्गिझ बाजूच्या लोकांनी विरोध केला, दगडफेक झाली, मग बंदुका निघाल्या, दोन दिवसात दोन्हीकडची मिळून पन्नासच्या आसपास माणसं गेली. सप्टेंबर २०२२ ला त्याहून मोठं, तोफा, रणगाडे, ड्रोन, शंभराच्या वर मृत्यू, आणि किर्गिझ बाजूने लाखाहून जास्त लोकांना घरं सोडायला लागली.

मूळ कारण सोव्हिएत काळातलं. तेव्हा या रेषा एकाच देशातल्या जिल्ह्यांसारख्या होत्या, कुणाचं शेत कुठे, रस्ता कुणाच्या हद्दीतून, फरक पडत नव्हता. देश वेगळे झाल्यावर तोच रस्ता आंतरराष्ट्रीय झाला. व्होरुख हे ताजिकिस्तानचं गाव तर चारी बाजूंनी किर्गिझ जमिनीत आहे. बांधावरून भाऊबंदकी कशी पेटते हे आपल्याला सांगायला नको, इथे फक्त दोन्ही भावांकडे सैन्य होतं.

१३ मार्च २०२५ ला बिश्केकमधे जापारोव आणि ताजिकिस्तानचे इमोमअली रहमोन यांनी साधारण ९७० किलोमीटरच्या अख्ख्या सीमेवर सह्या केल्या. त्याच महिनाअखेरीला खुजंदमधे उझबेकिस्तानचे मिर्झियोयेव पण आले आणि तिन्ही देशांच्या सीमा जिथे भेटतात तो बिंदू ठरला. तीस वर्षांत जमलं नव्हतं ते जमलं, याचं श्रेय जापारोवला द्यायलाच पाहिजे. पण गोम अशी की विरोधक गप्प होते म्हणून जमलं. आधी उझबेकिस्तानशी करार करताना केम्पिर-आबाद धरणाचं पाणी आणि जमीन यावरून बोलणाऱ्या वीसपेक्षा जास्त कार्यकर्त्यांना ऑक्टोबर २०२२ मधे अटक झाली होती. दीडएक वर्षाने कोर्टाने त्यांना निर्दोष सोडलं, पण तोवर जो संदेश जायचा तो गेला होता.

तिथे रशियाचं सैन्य आहे का?

आहे. बिश्केकजवळ कांतला रशियाचा हवाई तळ २००३ पासून आहे. गंमत म्हणजे अमेरिकेचाही होता, मानास विमानतळावर, २००१ पासून २०१४ पर्यंत, अफगाणिस्तानात जाणारे सैनिक आणि इंधन तिथून जायचं. म्हणजे काही वर्षं थोड्याच अंतरावर एकीकडे रशियन विमानं, दुसरीकडे अमेरिकन. तुमचं पोरगं ज्या विमानतळावर उतरतं तोच तो मानास. आता अमेरिका गेली, रशिया राहिला.

देशाचा पैसा येतो कुठून?

तीन ठिकाणांहून. पहिला आणि सगळ्यात मोठा, रशियात काम करणाऱ्यांनी पाठवलेला. जीडीपीच्या पाव हिश्श्याच्या आसपास, काही वर्षी त्याहून जास्त. २०१५ पासून किर्गिझस्तान रशियाच्या युरेशियन आर्थिक संघात आहे त्यामुळे त्यांच्या माणसाला रशियात वेगळं वर्क परमिट लागत नाही, ताजिक-उझबेकांना लागतं. दक्षिणेतल्या गावात गेलात तर म्हातारी माणसं आणि नातवंडं दिसतात, मधली पिढी मॉस्कोला. कोकणात मुंबईच्या मनीऑर्डरवर घरं चालायची ना, तसंच.

दुसरा सोनं. कुमतोर खाण, चार हजार मीटर उंचीवर, हिमनद्यांच्या शेजारी, १९९७ पासून कॅनडाची कंपनी चालवायची. १९९८ ला सायनाईड नेणारा ट्रक बारस्कून नदीत पडला तेव्हापासून लोकांच्या मनात खाणीबद्दल राग. जापारोवचं अख्खं राजकारण "कुमतोर परत घ्या" यावर उभं राहिलं, आणि मे २०२१ मधे खरंच ताब्यात घेतली. सगळे म्हणाले आता आंतरराष्ट्रीय कोर्टात वाट लागणार, पण २०२२ ला तडजोड झाली, खाण सरकारकडे आणि कंपनीतला सरकारचा २६ टक्के हिस्सा कंपनीकडे परत.

तिसरा व्यापार, म्हणजे दोर्दोय बाजार. बिश्केकच्या कडेला जहाजाचे लोखंडी कंटेनर एकावर एक ठेवलेत, खालच्यात दुकान, वरच्यात गोडाऊन, असे हजारो, गल्ल्याच्या गल्ल्या. चीनचा माल इथे उतरायचा आणि कझाकस्तान-रशियाला जायचा. थंडीचे बूट आणि जॅकेट इथून घ्या, भारतातून नेलेले तिथे टिकत नाहीत.

अर्थव्यवस्था ९ टक्क्यांनी वाढते म्हणे, एवढं काय बनवतात?

बनवत फार नाहीत, पुढे पाठवतात. २०२२ ला रशियावर निर्बंध आले आणि युरोप, चीन, कोरियाचा जो माल सरळ जाऊ शकत नव्हता तो किर्गिझस्तानमार्गे जायला लागला. गाड्या, पार्ट, इलेक्ट्रॉनिक्स. किर्गिझस्तान रशियाबरोबर युरेशियन संघात असल्यामुळे मधे कस्टमची भिंत नाही. चीनच्या कस्टमच्या हिशोबाने २०२३ मधे चीन आणि किर्गिझस्तानचा व्यापार जवळपास २० अब्ज डॉलर, किर्गिझ आकडे त्याच्या तिसऱ्या हिश्श्याहून कमी. मधला माल कुठे गेला हे समजून घ्या. २०२४ ला सरकारी वाढीचा दर ९ टक्के होता, बिश्केकमधे क्रेनच क्रेन, घरभाडी २०२२ ला पळून आलेल्या रशियन तरुणांमुळे वाढली ती फार काही खाली आली नाहीत.

अमेरिकेने गप्प बसायचं ठरवलं नव्हतं. जानेवारी २०२५ ला केरेमेत बँकेवर निर्बंध, मग रुबलवर चालणाऱ्या ए७ए५ नावाच्या क्रिप्टो टोकनच्या मागच्या लोकांवर, ब्रिटननेही कॅपिटल बँकेवर. जापारोव म्हणतात आमच्यावर अन्याय होतोय. अर्थात ते असंच म्हणणार.

मग पोराला पैसे पाठवताना काय बघायचं?

निर्बंध असलेल्या बँकेचं खातं नको, एवढं बघा. कॉलेज कुठल्या बँकेत फी मागतंय ते आधी विचारा, भारतातल्या बँकेत जाऊन ट्रान्सफर होईल का विचारा, आणि एजंटच्या पर्सनल खात्यात किंवा क्रिप्टोत फी भरायला सांगितली तर सरळ नाही म्हणा. चलन सोम, १९९३ पासूनचं.

चीन रेल्वे बांधतोय ती काय भानगड?

काश्गरहून किर्गिझ डोंगरांतून जलालाबाद आणि पुढे उझबेकिस्तानातल्या अंदिजानपर्यंत, पाचशे किलोमीटरहून थोडी जास्त. तीस वर्षं नुसती चर्चा, २७ डिसेंबर २०२४ ला कामाचा नारळ फुटला. खर्च ४.७ अब्ज डॉलर धरलाय, कंपनीत चीन ५१ टक्के, बाकी दोघे साडेचोवीस-साडेचोवीस, आणि निम्म्याच्या आसपास पैसा चीनचंच कर्ज. रूळांची रुंदी चीनची वेगळी, सोव्हिएतची वेगळी, म्हणून मधे माकमलला माल एका गाडीतून दुसऱ्या गाडीत टाकायचा. एवढ्या छोट्या देशाला हे कर्ज झेपेल का हा प्रश्न तिथेही लोक विचारतात, हळू आवाजात.

डोंगर, नद्या एवढ्या, तरी थंडीत लाईट का जाते?

सगळा भार नारिन नदीवरच्या तोक्तोगुल धरणावर, सोव्हिएत काळातलं. हिवाळ्यात सगळे विजेवर घर गरम करतात, पाणी सोडावं लागतं, आणि तेच पाणी उन्हाळ्यात खाली उझबेक-कझाक शेतकऱ्यांना कापसाला हवं असतं. पाणी कमी पडलं की शेजाऱ्यांकडून वीज घ्यायची. कंबराता-१ नावाचा १,८६० मेगावॉटचा नवा वीजप्रकल्प किर्गिझ, उझबेक, कझाक तिघांनी मिळून करायचं ठरलंय, पण तो व्हायला वेळ आहे. तोवर पॉवरबँक चार्ज ठेवा.

डिग्री भारतात चालते का?

हा खरं तर वेगळा विषय, पण विचारतातच. एनएमसीच्या (नॅशनल मेडिकल कमिशन) २०२१ च्या नियमाप्रमाणे कोर्स किमान ५४ महिन्यांचा, इंग्रजीतून, वर तिथेच १२ महिन्यांची इंटर्नशिप, मग भारतात परीक्षा पास होऊन पुन्हा १२ महिने. परदेशात शिकलेल्या डॉक्टरांसाठीच्या सध्याच्या एफएमजीई परीक्षेत ३०० पैकी १५० लागतात. नीटमधे पास असणं पण लागतं. कॉलेजचा कोर्स या नियमात बसतो का हे लेखी घ्या, ब्रोशरवरचा फोटो बघून नाही.

पुढे कशावर नजर ठेवू?

जानेवारी २०२७ ला राष्ट्राध्यक्षाची निवडणूक आहे. तिथे निवडणुकीच्या आगेमागे गर्दी जमण्याचा इतिहास आहे, त्या दिवसांत पोरांनी व्हाईट हाऊसजवळच्या अला-तू चौकाकडे फिरकू नये आणि घरी येण्याचं तिकीट काढायचं तर तारीख बदलता येईल असं काढावं. दुसरं, रशियाच्या बातम्या. युद्ध थांबलं किंवा रशियाने मजूर परत पाठवायला जोरात सुरवात केली तर बिश्केकमधे बेरोजगार तरुण वाढतील आणि परक्यांबद्दलची कुरकुर परत वर येईल. तिसरं, ऑक्टोबर-नोव्हेंबरमधे तोक्तोगुलमधे पाणी किती आहे याची बातमी येते, ती कमी असेल तर पोराला जाड ब्लँकेट घ्यायला सांगा.